रोज वीस गणितं, तरी चाचणीत तीच चूक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सहावीत आहे. रोज संध्याकाळी तुम्ही तिला वीस गणितं घालता. घरी ती बहुतेक बरोबर येतात, चाचणीत मात्र निम्मी चुकतात. हल्ली तर वही काढली की तिच्या डोळ्यांत पाणी येतं. तेव्हा सराव होईल पण रडारड होणार नाही असे काही खेळ, काही उपक्रम सुचवा, असं तुम्ही म्हटलंय.

सुचवते. मी वीस-बावीस वर्षं पाचवी ते आठवीला गणित शिकवतेय, त्यामुळे खेळांची पोतडी बरीच मोठी आहे. पण ती उघडण्याआधी तुमच्या प्रश्नातल्या एका गोष्टीवर बोट ठेवते. घरी बरोबर आणि चाचणीत चूक, हे दोन्ही एकाच मुलीचं कसं होतं? घरच्या पानावर ठळक अक्षरांत 'लसावि काढा' असं लिहिलेलं असतं आणि खालच्या वीसही गणितांत लसाविच काढायचा असतो. पहिली दोन गणितं झाली की पुढच्या अठरांत ठरवण्यासारखं काही उरत नाही, नुसता हात चालतो. चाचणीत ते शीर्षक नसतं. काय करायचं हे ठरवायची वेळ तिच्यावर तिथे पहिल्यांदाच येते, आणि नेमका त्याचाच सराव झालेला नसतो. म्हणून मला सराव वाढवण्यापेक्षा त्यातला ठरवण्याचा भाग तिच्या हाती परत द्यावासा वाटतो. खाली जे खेळ सांगतेय ते सगळे याच चाळणीतून गाळून घेतलेत.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तुमच्या मुलीच्या चुका कुठल्या जातीच्या आहेत हे मला इथून दिसत नाही. पाढे कच्चे असतील तर औषध वेगळं, अपूर्णांकाची कल्पनाच डळमळीत असेल तर वेगळं, वेळेच्या धास्तीने हात थरथरत असेल तर आणखी वेगळं. आणि वर्षानुवर्षं मेहनत करूनही साध्या संख्यांचं लहान-मोठेपण लागत नसेल, आकडे सतत उलटे लिहिले जात असतील, तर खेळांवर विसंबू नका; अध्ययन अक्षमतेची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांना दाखवा. तुमच्या वर्णनावरून मला तसं वाटत नाही.

तेव्हा पहिलं काम मुलीचं नाही, तुमचं. तिच्या मागच्या तीन-चार चाचण्यांचे पेपर काढा आणि गुण न बघता फक्त चुका बघा. माझ्या वर्गात एक मुलगा वजाबाकीत कायम मार खायचा. त्याने 503 − 278 चं उत्तर 375 लिहिलं होतं. वर 'घाईची चूक' असा शेरा मीच मारलेला. मग एकदा त्याला शेजारी बसवून मोठ्याने करायला लावलं. "बाई, आठातून तीन गेले पाच. सातातून शून्य गेलं सात. पाचातून दोन गेले तीन." म्हणजे वर कोण, खाली कोण याची फिकीर नाही, मोठ्यातून लहान वजा करायचं एवढंच त्याचं सूत्र. घाई कसली, पोरगं अगदी शिस्तीत चुकत होतं! त्याला आणखी पन्नास वजाबाक्या घातल्या असत्या तर तीच चूक पन्नास वेळा पक्की झाली असती. उत्तर 200 च्या आसपास यायला हवं, 375 कसं येईल, एवढं विचारण्याची सवय लावली आणि दोन आठवड्यांत तो मार्गाला लागला.

अपूर्णांकांत हेच वेगळ्या वेषात भेटतं. 1/2 + 1/3 = 2/5. अंशात अंश, छेदात छेद मिळवला, झालं. यावर नियम पुन्हा घोकून घेण्याऐवजी मी एवढंच विचारते: "अगं, तुझ्याकडे अर्धं होतं. त्यात मी आणखी थोडं घातलं. आता तुझ्याकडे 2/5 आहे म्हणतेस. ते अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?" पोर वहीकडे बघते, माझ्याकडे बघते, आणि खोडरबर शोधायला लागते. उत्तराला आपणच प्रश्न विचारायचा असतो हे एकदा अंगवळणी पडलं की अर्ध्या चुका आपोआप गळतात.

आता खेळांकडे येते. पहिला खेळ वजाबाकीचाच. 0 ते 9 असे आकडे लिहिलेल्या दहा चिठ्ठ्या करा. दोघींनी आपापल्या कागदावर तीन-तीन चौकटींच्या दोन ओळी आखायच्या, मध्ये वजाबाकीचं चिन्ह. एक-एक चिठ्ठी काढायची. तो आकडा दोघींनी आपापल्या कुठल्यातरी चौकटीत लिहायचा, आणि एकदा लिहिला की हलवायचा नाही. सहा चिठ्ठ्या झाल्या की वजाबाकी करायची. जिचं उत्तर 500 च्या जास्त जवळ, ती जिंकली. आकडे दोघींना तेच मिळतात, त्यामुळे नशिबाला बोल लावायची सोय नाही. गंमत बघायची तर 7 निघतो तेव्हा बघा. शतकात टाकावा तर खाली 2 यायला हवा. नाही आला तर? दशकात टाकला तर वाया. पेन्सिल चौकटीवर घुटमळते. ते घुटमळणं म्हणजेच स्थानिक किमतीचा अभ्यास. पुढे हाच खेळ बेरजेला, गुणाकाराला, दशांश चिन्ह घालून, कसाही वळवता येतो.

दुसरा खेळ माझा सगळ्यात लाडका. 1 ते 50 आकडे कागदावर लिहा. पहिल्या खेळाडूने कुठलीही सम संख्या घेऊन तिच्यावर काट मारायची. दुसऱ्याने त्या संख्येचा अवयव किंवा पट घ्यायची, तीही काटायची. मग पहिल्याने त्या नव्या संख्येचा अवयव किंवा पट. काटलेली संख्या परत घ्यायची नाही. ज्याला चाल सुचणार नाही तो हरला. सुरुवातीला मुलं कशीही खेळतात. मग एक दिवस काय होतं, एकीने 46 घेऊन सुरुवात केली. समोरचीने 23 घेतले. 23 चे पट 50 च्या आत दोनच, 23 आणि 46, दोन्ही काटलेले. अवयव उरला 1. नाइलाजाने तिने 1 घेतला. समोरचीने शांतपणे 47 घेतले. खेळ खलास! 47 ला 1 शिवाय अवयव नाही आणि त्याची दुप्पट पाटीबाहेर.

त्या दिवसानंतर वर्गात 46 ला कुणी हात लावेना. दोन दिवसांत पोरींनी शोधून काढलं की 34 आणि 38 ने सुरुवात केली तरी हीच गत होते, 26 ने मात्र लगेच होत नाही, कारण 13 नंतर 39 ची वाट उघडी असते. मूळ संख्यांची व्याख्या मी दोन वर्षं घोकून घेतली असती तरी '25 च्या पुढच्या मूळ संख्या धोकादायक' हे वाक्य कुणाच्या तोंडून आलं नसतं. आणि एका डावात किती भागाकार होतात ते मोजून बघा, वीस गणितांपेक्षा जास्तच होतील.

तिसरी गोष्ट एकटीने करण्यासारखी आहे. देवळालीच्या शाळेत गणित शिकवणारे द. रा. कापरेकर (1905–1986) यांनी 1949 साली शोधलेली. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लावून लहान करा, वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. 3524 घेतले तर 5432 − 2345 = 3087, मग 8730 − 0378 = 8352, मग 8532 − 2358 = 6174. आणि पुढे 7641 − 1467 करून बघा, परत 6174! कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 वर येऊन थांबता. मुलीला शेवटचा आकडा आधी सांगू नका. वेगवेगळ्या चार संख्या घ्यायला लावा आणि चारही ठिकाणी तेच येतंय हे तिचं तिला सापडू द्या.

चार अंकी जड जात असेल तर तीन अंकींपासून सुरू करा, तिथे मुक्काम 495 वर. 702 घेतलं तर 720 − 027 = 693, मग 963 − 369 = 594, मग 954 − 459 = 495. इथे एक फायदा आहे, त्यासाठीच मी हा प्रकार कच्च्या मुलांना आधी देते. तीन अंकींत प्रत्येक वजाबाकीच्या उत्तरात मधला अंक 9 च येतो आणि कडेच्या दोन अंकांची बेरीजही 9. 693, 594, 495, सगळीकडे तेच. फरक नुसता 99 आला तर तो 099 असा लिहायचा, म्हणजे नियम तिथेही टिकतो. मुलीला हे एकदा लक्षात आलं की वजाबाकी चुकली तर तिचं तिलाच कळतं. तुम्ही लाल पेन घेऊन बसायची गरज नाही. घरातली निम्मी रडारड त्या लाल पेनामुळे असते, असं माझं स्पष्ट मत आहे, रागावू नका.

गुणाकारासाठी एक कोडं. 1, 2, 3, 4, 5 हे पाच अंक प्रत्येकी एकदाच वापरून एक तीन अंकी आणि एक दोन अंकी संख्या करायची. गुणाकार जास्तीत जास्त मोठा आला पाहिजे. बहुतेक मुलं आधी 543 × 21 करतात आणि 11403 वर खूश होतात. मग कुणीतरी 5 आणि 4 वेगवेगळ्या संख्यांत पाठवतं. 531 × 42 = 22302. 521 × 43 = 22403. इथे वर्ग थांबतो, झालं म्हणतो. मी काही बोलत नाही, नुसती भुवई उंचावते. शेवटी 431 × 52 = 22412 सापडतं, जेमतेम 9 ने जास्त. एका तासात प्रत्येकाचे दहा-बारा मोठे गुणाकार झालेले असतात. मुद्दाम बारा गुणाकार घातले असते तर अर्ध्या वर्गाला तहान लागली असती.

अपूर्णांकांचं असंच एक: 1 ते 9 पैकी चार वेगवेगळे अंक घेऊन दोन अपूर्णांक करायचे, त्यांची बेरीज 1 च्या जितकी जवळ आणता येईल तितकी आणायची, पण 1 गाठायचा नाही. 4/7 + 3/8 ची बेरीज 53/56 येते. 3/4 + 2/9 ची 35/36. कुठली जास्त जवळ? हे ठरवायलाच छेद समान करावे लागतात, आणि ते मुलीने स्वतःहून केलेले असतात. यापेक्षा जवळचं आहे, एवढंच सांगा. (आहे: 1/9 + 7/8 = 71/72. छेदांचा गुणाकार 72 च्या वर जाऊ शकत नाही, म्हणून याहून जवळ जाता येत नाही. हे कारण ती स्वतः सांगू शकली तर तिला अपूर्णांक आले असं समजा.)

दशांशात सहावीतली ठरलेली चूक म्हणजे 0.45 हे 0.6 पेक्षा मोठं वाटणं, कारण 45 सहापेक्षा मोठे. त्यासाठी एक दोरी बांधा, एका टोकाला 0, दुसऱ्या टोकाला 1. चिठ्ठ्यांवर 3/8, 0.6, 7/12, 0.45, 5/12 असं काहीबाही लिहा आणि चिमट्याने जागच्या जागी अडकवायला सांगा. पहिला प्रश्न नेहमी एकच: अर्ध्याच्या अलीकडे की पलीकडे? 7/12 आणि 0.6 यांच्यात बराच वेळ वाद होतो. होऊ द्या.

पाढ्यांबद्दल मात्र मी जुन्या वळणाची आहे. ते यायलाच हवेत, खेळांनी त्यांची जागा भरून निघत नाही. पण येणं म्हणजे काय? आठ गुणिले सात विचारल्यावर मूल मनात 'आठ एके आठ' पासून गाडी सोडतं आणि 'आठ सत्ते छप्पन्न' या स्टेशनावर उतरतं. गाडी अडली की परत पहिल्यापासून. त्याला पाढा येतो, पण हव्या त्या जागी उतरता येत नाही. तेव्हा मधूनमधून विचारा, आणि मुख्य म्हणजे उलटं विचारा: 56 कोणकोणत्या पाढ्यांत येतात? भागाकार, अवयव, अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देणं, सगळीकडे उलटी बाजूच लागते. अडखळण्याच्या जागाही मोजक्याच असतात. सहा, सात, आठ, नऊ यांच्या आपसातल्या जोड्या तपासल्यात तर सहज सापडतील. तेवढ्याच चिठ्ठीवर लिहून रोज पाच मिनिटं घ्या. बाकीचा पाढा म्हणायला लावून वेळ घालवू नका.

आता मूळ दुखण्याकडे, म्हणजे काय करायचं ते ठरवण्याकडे. यासाठी मी आकडे तेच ठेवून गोष्ट बदलते. 12 मीटर दोरीचे 3/4 मीटरचे किती तुकडे होतील? 12 मीटर दोरीचा 3/4 भाग वापरला, तर किती मीटर वापरली? 12 मीटर दोरीतून 3/4 मीटर कापून घेतली, तर किती उरली? उत्तरं 16, 9 आणि 11¼. पण आधी उत्तर काढायचंच नाही. प्रत्येकात कुठली क्रिया आणि का, एवढंच सांगायचं. असाच लसावि-मसाविचा जोड द्या: दोन दिवे 12 आणि 18 सेकंदांनी लुकलुकतात, एकदा एकत्र लागले की पुन्हा एकत्र कधी लागतील, आणि 12 व 18 मीटरच्या दोन दोऱ्यांचे, काही न उरता, सारख्या लांबीचे मोठ्यात मोठे तुकडे किती मीटरचे होतील. 36 आणि 6. आकडे सारखे आहेत, त्यामुळे शब्द वाचल्याशिवाय सुटका नाही.

आणि वीस गणितांचं पान बंद करा. त्याऐवजी सहा: दोन या आठवड्यातली, दोन महिन्यापूर्वीची, दोन त्याच्याही आधीची, सगळी मिसळून, शीर्षकाशिवाय. सुरुवातीला चुका वाढतील हे आत्ताच सांगून ठेवते. पहिल्या दोन आठवड्यांत पालक मला फोन करतात, "बाई, उलट जास्तच चुकतंय." चुकणारच. आधी पान तिच्या वतीने ठरवत होतं, आता तिला ठरवावं लागतंय. साधारण महिनाभर धीर धरा.

एक प्रयोग मात्र करू नका, मी करून पस्तावले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी दर शुक्रवारी वेळ लावून स्पर्धा घ्यायचे, पहिल्या पाचांची नावं फळ्यावर. मला वाटायचं वर्गात काय चुरस आहे! खरं तर चुरस त्याच सहा-सात मुलांत होती. मागच्या बाकावरची एक मुलगी शुक्रवारी हटकून गैरहजर असते हे माझ्या लक्षात यायला जवळजवळ एक सत्र गेलं. तेव्हापासून वेळ लावायची तर फक्त स्वतःच्याच कालच्या वेळेशी, तीही पाढ्यांच्या पाच मिनिटांत. विचार करायच्या गणितांना घड्याळ लावत नाही. घरी मोठं भावंड असेल आणि ते प्रत्येक डाव जिंकत असेल, तर तिथेही हेच होतं. मग दोघांना एका बाजूला घ्या आणि तुम्ही समोर बसा. तुम्ही खरोखर हरलात तर उत्तमच.

वेळेचं विचारलंत. पाच मिनिटं अडलेले पाढे, दहा मिनिटं एक खेळ किंवा कोडं, दहा मिनिटं मिश्र सहा गणितं. सहा पुरी झाली नाहीत तर नाही झाली. ती "अजून एक डाव" म्हणेल तेव्हा थांबा, उद्या ती स्वतः वही काढेल. थकून घरी आली असेल त्या दिवशी फक्त खेळ.

सुट्टीत काय द्यावं, हेही तुम्ही शेवटी विचारलंय. तेव्हा वही-पेन्सिल आणि हा एक नियम द्या: संख्या सम असेल तर निम्मी करायची, विषम असेल तर तिप्पट करून 1 मिळवायचा, आणि 1 येईपर्यंत हेच करत राहायचं. 1937 साली लोथार कोलात्झ या जर्मन गणितज्ञाने हा प्रश्न मांडला. प्रत्येक संख्या शेवटी 1 वर येतेच, हे अजून कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. आधी तिला 26 घ्यायला सांगा. 13, 40, 20 करत दहाव्या पायरीला 1 येतो. मग म्हणावं, आता 27 घे. 9232 पर्यंत चढून 111 पायऱ्यांनी उतरायचं आहे, तेव्हा कागद जरा जास्त ठेवा, आणि तुम्हीही शेजारी बसून वेगळ्या कागदावर करा. मध्ये कुठेतरी दोघींचे आकडे जुळेनासे होतील. कुणाचं चुकलं ते तिलाच शोधू द्या.